बूट घेतले, जाकीट घेतले. दिवस घेतले का?

दिवाळीची गडबड संपली की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक कागद यायला लागतो. तो आजारी माणसे आणत नाहीत, ठणठणीत तरुण मुले आणतात. हिमालयातल्या ट्रेकला नेणाऱ्या मंडळींनी मागितलेला तो प्रकृतीचा दाखला असतो. उन्हाळा लागला की याच कागदाची दुसरी लाट येते. त्या वेळी केदारनाथ, अमरनाथ आणि लेह-लडाखला निघालेली चाळिशी-साठीची मंडळी असतात. दोन्ही वेळचे वाक्य मात्र एकच असते, "डॉक्टर, नुसती सही हवी होती."

परवा आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच आला. वय चोवीस, पुण्यात नोकरीला, सुट्टीवर घरी आलेला. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मित्रांबरोबर उत्तराखंडातल्या केदारकंठाला निघाला आहे. खरेदी नुकतीच झालेली होती, म्हणून कौतुकाने पिशवी उघडून दाखवली. घोट्याच्या वर येणारे पाणी न शिरणारे बूट, पिसांचे जाकीट, दोन-दोन हातमोजे, कपाळावर बांधायची विजेरी, घडी होणारी काठी. वस्तू चांगल्या होत्या, निवडही जाणत्या माणसाला विचारून केलेली दिसली. मी रक्तदाब पाहिला, छाती तपासली. नाडी घोड्यासारखी होती. सही करण्यापूर्वी मी एकच प्रश्न विचारला, "पहिल्या रात्री कुठे झोपणार, दुसऱ्या रात्री कुठे?"

तो म्हणाला, "काका, रजा कमी मिळाली, म्हणून मधला एक मुक्काम गाळलाय. सांकरीहून थेट बेस कॅम्पला."

सांकरी गाव सुमारे ६,४०० फुटांवर आहे. तिथून निघणारे लोक एरवी पहिली रात्र सुमारे ९,१०० फुटांवरच्या जुडा का तालाब या जागी काढतात आणि दुसऱ्या रात्री सुमारे ११,२०० फुटांवरच्या तळावर पोहोचतात. माथा १२,५०० फुटांचा. मधला मुक्काम गाळला म्हणजे या मुलाचे शरीर एका दिवसात जवळजवळ पाच हजार फूट वर जाऊन तिथेच झोपणार. मी पेन खाली ठेवले आणि म्हणालो, "तुझी प्रकृती उत्तम आहे. तुझे वेळापत्रक आजारी आहे. ते बरे करून आण, मग सही करतो."

तो थोडा नाराज होऊन गेला. मी असा हट्ट का धरला हे सांगण्यासाठी आजचा हा लेख.

एका सहीची गोष्ट

सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या ओळखीचे एक शिक्षक सपत्नीक केदारनाथला निघाले. वय चोपन्न. रोज पाच किलोमीटर चालणे, व्यसन नाही, रक्तदाब एका गोळीवर नीट ताब्यात. मी हृदयाचा आलेख काढला, साखर तपासली आणि सही केली. वैद्यकीयदृष्ट्या त्या सहीत खोट काढता आली नसती.

गौरीकुंड साधारण ६,५०० फुटांवर आहे आणि केदारनाथ सुमारे ११,७५० फुटांवर. वाट सोळा किलोमीटरची. गुरुजी घोड्यावरून गेले. दुपारी पोहोचले, दर्शन उत्तम झाले, मुक्काम वरच केला. संध्याकाळी डोके दुखू लागले. रात्री उलट्या झाल्या. बरोबरच्यांनी निदान केले, "सकाळचे पराठे बाधले, ॲसिडिटी आहे." ॲसिडिटीची गोळी दिली, रजई पांघरली आणि सकाळपर्यंत झोपू दिले. सकाळी गुरुजींना बुटाची नाडी बांधता येईना. चालताना झोकांड्या जाऊ लागल्या. पत्नीला ते भलत्याच नावाने हाक मारू लागले. तरीही बेत ठरत होता तो "थोडे ऊन येऊ द्या, मग बघू" असाच.

तिथे सामान वाहणारा एक नेपाळी कंडीवाला उभा होता. त्याने गुरुजींकडे एकदा पाहिले आणि सांगितले, "इनको अभी नीचे ले चलो, अभी." त्याने स्वतःच त्यांना पाठीवरच्या कंडीत बसवले. निम्मी वाट उतरल्यावर गुरुजी नीट बोलू लागले. सोनप्रयागला पोहोचेपर्यंत त्यांनी चहा मागितला. घरी परतल्यावर ते मला भेटायला आले, पेढेही आणले. मी मात्र तो पेढा खाताना मनातून ओशाळलो होतो. मी त्यांना हृदय विचारले, साखर विचारली, पचन विचारले. एका दिवसात किती चढणार हे विचारले नाही. माझ्या दाखल्यावर तो रकानाच नव्हता. त्यांना मेंदूची सूज आली होती. ती ओळखली एका कंडीवाल्याने, ज्याच्याकडे कसलीही पदवी नव्हती.

उंचीवर नेमके होते काय?

पुष्कळांचा समज असतो की वर हवेत प्राणवायूचे प्रमाण कमी होते. तसे नाही. प्रमाण तिथेही तेच, शंभरात एकवीस. कमी होतो तो हवेचा दाब. दाब घटला की प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात जाणारा प्राणवायू घटतो. साडेअकरा हजार फुटांवर, म्हणजे लेहच्या उंचीवर, आपल्याला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश एवढाच प्राणवायू मिळतो. अठरा हजार फुटांवर तो निम्म्यावर येतो.

शरीर यावर उपाय करते. श्वास जलद होतो, मूत्रपिंडे रक्तातला क्षार बाहेर टाकून त्या जलद श्वासाला वाट करून देतात, पुढे तांबड्या पेशी वाढतात. पण हे काम काही दिवसांचे आहे, काही तासांचे नाही. शिवाय झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू आणखी उतरतो. म्हणून दिवसा आपण कुठपर्यंत चढलो यापेक्षा रात्री कोणत्या उंचीवर झोपलो हे जास्त महत्त्वाचे.

आता आपल्या भागातली मंडळी काय म्हणतात? "डॉक्टर, आम्ही हरिश्चंद्रगड केला, कळसूबाई तीनदा केली." छान केले. त्याने पाय तयार झाले, दम वाढला. पण कळसूबाई हे महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर ५,४०० फुटांचे. उंचीचा त्रास साधारण आठ हजार फुटांच्या पुढे सुरू होतो. म्हणजे अख्ख्या सह्याद्रीत या परीक्षेचा एकही पेपर सोडवायला मिळत नाही. रोज व्यायाम करणाऱ्याला हा त्रास होत नाही हाही गैरसमजच. उलट दणकट तरुण भराभर चढतो, म्हणून लवकर सापडतो.

हे मी मनचे सांगत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील ॲस्पेनजवळ एक निरोगी तरुण बर्फातून स्कीवर एक उंच खिंड ओलांडायला निघाला होता. पाठीवर सामान, भोवती थंडी, गाव दूर. वाटेत त्याची छाती भरून आली. अशा रोग्यांना त्या काळी न्यूमोनिया झाला असे समजत. डॉ. चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्याला तपासले आणि १९६० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात मांडले की हा जंतूंचा न्यूमोनिया नव्हे, उंचीमुळे फुप्फुसात पाणी भरण्याचा हा वेगळाच विकार आहे. हे ह्यूस्टन स्वतः कसलेले गिर्यारोहक होते. १९३८ आणि १९५३ या दोन्ही साली के-टू शिखरावरच्या मोहिमांचे नेतृत्व त्यांनीच केले होते.

आपल्या देशाने तर हा धडा फार महाग घेतला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी मैदानी प्रदेशातले जवान विमानाने थेट उंचावर नेऊन उतरवावे लागले. पुढे डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ साली त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केला. उंचीच्या विकारांवर जगभर आजही त्याचा दाखला दिला जातो. हे सारे सैन्यात निवडून घेतलेले, कवायत करणारे पुरुष होते. तरीही उंचीने त्यांना सोडले नाही.

म्हणून आपले सैन्य काय करते पाहा. नऊ ते बारा हजार फुटांवर जवानाला सहा दिवस सवय करून घ्यायला लावतात. बारा ते पंधरा हजारांसाठी आणखी चार दिवस आणि त्याहून वर आणखी चार. वीस वर्षांच्या कसलेल्या जवानाला सैन्य सहा दिवस देते आणि आपण पंचावन्न वर्षांच्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या गृहस्थाला एक रात्र देतो. हेलिकॉप्टरने गेलो तर तीही नाही. काही मिनिटांत केदारनाथ! पाय वाचले याचा आनंद होतो, पण फुप्फुसांना कोणी विचारलेले नसते.

तीन विकार, ओळखायला सोपे

पहिला साधा विकार. उंचीवर पोहोचल्यावर सहा ते बारा तासांत डोके दुखते, अन्न नकोसे होते, मळमळते, गळून गेल्यासारखे वाटते, झोप लागत नाही. उंचीवर डोके दुखू लागले की दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच आहे असे धरून चालावे. अशा वेळी वर जायचे नाही. तिथेच विश्रांती घ्यावी, पाणी प्यावे, डोकेदुखीवर पॅरासिटामॉल चालते. बहुतेकांना एक-दोन दिवसांत उतार पडतो. वाढत चालले तर खाली उतरावे.

दुसरा, मेंदूची सूज. माणूस झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सुस्त पडून राहतो. संशय आला तर जमिनीवरच्या सरळ रेषेत एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावले चालायला लावा. तोल गेला तर तो रोगी गंभीर आहे असे समजा.

तिसरा, फुप्फुसात पाणी. हा बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, रात्री जोर धरतो. स्वस्थ बसलेले असतानाही दम लागतो, कोरडा खोकला येतो, पुढे फेसाळ गुलाबी थुंकी पडते, ओठ आणि नखे निळसर दिसतात. याला सर्दी किंवा न्यूमोनिया समजून थांबणे जिवावर बेतते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या विकारावर मुख्य औषध एकच आणि ते फुकट आहे. खाली आणणे. लगेच आणणे, सकाळची वाट न पाहता आणणे. हजार ते तीन हजार फूट उतरले तरी बहुधा फरक दिसतो. सोबत प्राणवायू असेल तर तो जरूर द्यावा, पण त्याच्या भरवशावर वर थांबू नये. रोग्याला एकट्याने पाठवू नये आणि शक्यतो चालवू नये. डेक्सामेथासोन, निफेडिपीन ही औषधे या विकारांत वापरतात, पण ती जाणत्याच्या हातून द्यायची.

कापूर, लसूण आणि बोटाला लावायचे यंत्र

आपल्याकडच्या यात्रेकरूच्या गळ्यात कापराची पुडी असतेच. कापूर हुंगल्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण रक्तातला प्राणवायू वाढत नाही. होमिओपॅथीच्या कोका ३० च्या गोळ्या, लसणीचे सार यांचेही तसेच. त्यांचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा नाही. श्रद्धेला माझी हरकत नाही. हरकत एवढीच की पुडी गळ्यात आहे म्हणून माणूस डोकेदुखी अंगावर काढतो. दुकानात मिळणारा फवाऱ्यासारखा प्राणवायूचा डबा काही मिनिटांत संपतो. थंडीवर म्हणून घेतलेल्या ब्रँडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. ऊब वाटते, पण शरीराची उष्णता झपाट्याने बाहेर जाते आणि झोपेतला श्वास आणखी मंदावतो. झोपेच्या गोळ्याही त्याच कारणाने टाळाव्यात.

ॲसिटाझोलामाइड म्हणजे डायमॉक्स या गोळीचा उपयोग मात्र सिद्ध झालेला आहे. चढायला सुरुवात करण्याच्या आदल्या दिवसापासून बहुधा १२५ मिलिग्रॅमची मात्रा दिवसातून दोनदा देतात. हाताला मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावे लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ती घेऊ नये. आणि ही गोळी म्हणजे घाईचा परवाना नव्हे.

करोनाच्या साथीनंतर बोटाला लावायचे प्राणवायू मोजणारे यंत्र घरोघरी आले. लेहला पोहोचून कोणी ते लावतो, ८७ आकडा पाहतो आणि घाबरून घरी फोन करतो. साडेअकरा हजार फुटांवर ८५ ते ९० हा आकडा बऱ्याच निरोगी माणसांत दिसतो. उलट ९० आकडा आहे म्हणून झोकांड्या खाणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे घातक. यंत्राआधी माणसाकडे पाहा.

सामानाविषयी दोन शब्द

मी सामानाच्या विरोधात नाही. थंडी हाही जीव घेणारा विकार आहे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रताल या वाटेवर कर्नाटकातून गेलेल्या २२ जणांच्या तुकडीला हिमवादळाने गाठले आणि त्यांतले ९ जण मृत्युमुखी पडले. महिना जूनचा होता हे लक्षात घ्या. त्या दुर्दैवी मंडळींची चूक काढण्याचा माझा हेतू नाही. चौदा हजार फुटांवर ऋतू तासाभरात बदलतो, एवढेच त्यातून घ्यायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्या वरच्या उतारांवर हिमकडा कोसळून एक रशियन स्कीपटू दगावला. बर्फात वावरण्याचा सराव असलेल्या माणसालाही डोंगर सवलत देत नाही.

तेव्हा सामान घ्याच, पण अक्कल लावून घ्या. सर्वांत महागडे जाकीट घालून आत सुती बनियन आणि खाली जीन्सची विजार, हे दृश्य मी फोटोंत नेहमी पाहतो. सुती कापड घामाने वा बर्फाने ओले झाले की वाळत नाही आणि अंगातली उष्णता शोषत राहते. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, वर उबेचा थर, त्यावर वारा-पाणी अडवणारा थर, असे तीन थर हवेत. चढताना एक थर काढावा, थांबताना लगेच घालावा. कोरड्या मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा. नवे बूट घरी दोन-तीन आठवडे वापरून मगच न्यावेत. बर्फावर काळा चष्मा ही हौस नव्हे. तो नसेल तर उन्हाच्या परावर्तनाने डोळ्यांची आग होऊन दिसेनासे होते.

सोबत्याला हुडहुडी भरली, बोलणे जड झाले, पाय अडखळू लागले की तो गारठला आहे असे समजा. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त झाला, तर तो बरा होत नसून बिघडत आहे. आडोसा, कोरडे कपडे आणि झोपायची पिशवी यांनी त्याला ऊब द्यावी. शुद्धीवर असेल तर गरम गोड पेय द्यावे. बोटे पांढरी-बधिर पडली तर चोळू नयेत, शेकोटीवर धरू नयेत.

मधुमेही मंडळींनी ध्यानात ठेवावे की इन्सुलिन गोठले तर निकामी होते, साखर मोजण्याचे यंत्रही कडाक्यात दगा देते. दोन्ही अंगालगतच्या खिशात ठेवावीत. आमच्या भागातल्या बायकांमध्ये रक्त कमी असणे सर्रास आढळते. यात्रेला निघण्यापूर्वी महिना-दोन महिने आधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे म्हणजे उपचाराला वेळ मिळतो. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला असेल, दम्याचा जोर असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर "देव बोलावतोय" म्हणून परस्पर निघू नये.

सहीला अर्थ हवा

२०१२ साली अमरनाथ यात्रेत अनेक यात्रेकरू दगावले. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्याची दखल घेतली. आज त्या यात्रेला नेमून दिलेल्या डॉक्टरांचा दाखला लागतो आणि वयाची मर्यादा १३ ते ७० वर्षे अशी आहे. नियम चांगला आहे. पण नियमाची किंमत शेवटी सही करणाऱ्या हातावर आणि सही मागणाऱ्या तोंडावर ठरते. खरा रक्तदाब दडवून "सगळे नॉर्मल लिहा" म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि न तपासता सही करणारे माझे व्यवसायबंधूही.

माझे मत असे की डोंगरात जाणाऱ्याचा दाखला दोन भागांचा असावा. एक भाग शरीराचा, दुसरा मुक्कामांचा. कोणत्या रात्री किती फुटांवर झोपणार याचा तक्ता जोडल्याशिवाय डॉक्टरांनी सही करू नये. नियम सोपा आहे. दहा हजार फुटांच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात साधारण १,६०० फुटांपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन दिवस गावातच काढावेत, खारदुंगला किंवा पँगाँग त्यानंतर. पँगाँगहून लेहला परतायचे तर आधी सतरा हजार फुटांच्या वरची चांगला खिंड चढावी लागते. मुक्कामी कोणाला त्रास झाला तर खाली येण्यासाठीही आधी वर जावे लागते, हे जाण्यापूर्वीच माहीत हवे.

प्रवास कंपन्या म्हणतील, एक रात्र वाढली की खर्च वाढतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाते. हे खरे आहे, आणि यात दोष एकट्या कंपन्यांचा नाही. पाच दिवसांत सात ठिकाणे दाखवणाऱ्याकडे आपणच रांग लावतो. म्हणून एक सुचवतो. जाहिरातीत नाश्त्याला शिरा की पोहे हे छापता, त्याच ओळीत मुक्कामाची उंचीही छापा. शाई फारशी लागणार नाही. गिऱ्हाइकाला दोन सहलींची तुलना तरी करता येईल.

कोणी म्हणेल, डॉक्टर उगाच भीती घालतात, लाखो लोक सुखरूप जाऊन येतात. येतातच. शांतपणे चढलेल्या बहुतेकांना डोंगर काहीच करत नाही, म्हणून तर मी जाऊ नका असे म्हणत नाही. जरूर जा. हिमालय पाहिलेला माणूस परत येतो तो थोडा नम्र होऊन येतो. पण ज्याला त्रास होतो त्याच्यासाठी तिथे ना माझा दवाखाना असतो, ना जिल्हा रुग्णालय. तिथे असतात त्याचे सोबती. रात्री दोन वाजता "आपण खाली जाऊ" असे म्हणण्याची हिंमत त्यांच्यापैकी एकाजवळ तरी हवी. पैसे फुकट जातील, बाकीचे रागावतील, दर्शन हुकेल, याचा विचार न करता. गुरुजींच्या बाबतीत ती हिंमत कंडीवाल्याने दाखवली. दर वेळी तो तिथे उभा असेलच असे नाही.

आमच्या गल्लीतला मुलगा चार दिवसांनी पुन्हा आला. मसुरीला फिरण्यासाठी ठेवलेला एक दिवस त्यांनी काढून टाकला आणि तलावाकाठचा मुक्काम परत घातला. नवा तक्ता त्याने वहीच्या पानावर लिहून आणला होता, तारीख, जागा, फूट. मी तो वाचला आणि सही केली. जाताना तो म्हणाला, "काका, एवढे बूट घेतले, पण हे कोणी सांगितलंच नव्हतं."

तेच सांगण्यासाठी हा लेख. यंदा तुमच्या घरातून कोणी डोंगराकडे निघाले असेल तर पिशवीत काय काय भरले हे विचारण्याआधी, किती रात्री कुठे झोपणार हे विचारा.